सिम्युलेटर आवाजावर चालवायचाय? आधी वाक्यं ठरवा, कोड नंतर

नाशिकमध्ये विमानांचं वेड असलेली पोरं भरपूर, त्यात नवल काही नाही. एकीकडे ओझरला विमानं बनवणारी एचएएल, दुसरीकडे गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचं ट्रेनिंग, उपनगर-नाशिकरोडला राहणाऱ्याला तर दिवसभर डोक्यावर हेलिकॉप्टर. त्यामुळे घरी जॉयस्टिक लावून फ्लाइट सिम्युलेटर खेळणारे आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला त्यातच काहीतरी प्रोजेक्ट करणारे बरेच भेटतात, आणि हल्ली सगळ्यांचा एकच प्रश्न असतो की याला व्हॉइस कंट्रोल कसा लावायचा, म्हणजे आपण तोंडाने "फ्लॅप्स ट्वेंटी" (पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा वीस अंश खाली) म्हणायचं आणि कोपायलटने ते करून उत्तर द्यायचं.

करता येतं. फुकटात येतं, इंटरनेटशिवाय येतं आणि साध्या लॅपटॉपवर येतं. पण बहुतेक जण सुरुवात चुकीच्या टोकाने करतात, म्हणजे सगळ्यात भारी स्पीच रेकग्निशनचं मॉडेल शोधत बसतात. माझं मत विचाराल तर मॉडेल ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. खरं काम दोन ठिकाणी आहे, कुठली वाक्यं ऐकायची हे आधी ठरवणं आणि हुकूम पाळल्यावर तो खरंच पाळला गेला का हे तपासून मगच उत्तर देणं. वैमानिक आणि एटीसी, म्हणजे जमिनीवरचे कंट्रोलर, रेडिओवर हेच करतात, बटण दाबा, ठरलेलं छोटं वाक्य बोला, समोरचा ते परत म्हणून दाखवेल, ज्याला रीडबॅक म्हणतात. आपण तीच पद्धत उचलायची.

काय काय लागेल

सिम्युलेटर म्हणून मी फ्लाइटगिअर धरतोय. ओपन सोर्स आहे, १९९७ पासून चालू आहे, आणि मुख्य म्हणजे त्याच्या आतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट बाहेरून वाचता-बदलता येते. आवाज ओळखायला वोस्क, जे काल्डी नावाच्या जुन्या आणि पक्क्या इंजिनवर बांधलंय आणि ज्याची छोटी मॉडेल्स पन्नास एमबीच्या आतबाहेर असतात. उत्तर द्यायला ईस्पीक एनजी, कारण त्यात मराठी आहे, आवाज यंत्रासारखा आहे पण कॉकपिटमध्ये ते खपून जातं. आणि हे सगळं जोडायला पायथॉन. हार्डवेअर म्हणाल तर माइकवाला हेडफोन, तोही साधा चालेल. लॅपटॉपचा उघडा माइक आणि उघडा स्पीकर मात्र नको, इंजिनची घरघर आणि प्रोग्रॅमचंच उत्तर परत माइकात जातं आणि मग तो स्वतःशीच बोलत बसतो.

उबंटूवर असाल तर वोस्क आणि साउंडडिव्हाइस (माइक वाचायला) ही दोन पॅकेजेस व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करूनच टाका, नवीन उबंटू पिप, म्हणजे पायथॉनची पॅकेजेस टाकायचं साधन, थेट चालवू देत नाही. साउंडडिव्हाइसला पोर्टऑडिओ ही लायब्ररी लागते ती वेगळी टाकावी लागते, नाहीतर एरर येतो आणि माणूस उगाच माइकला दोष देतो.

पायरी १: सिम्युलेटरचं दार उघडा

फ्लाइटगिअरमध्ये प्रॉपर्टी ट्री नावाची भानगड आहे. कॉम्प्युटरमधल्या फोल्डरसारखीच रचना, कंट्रोल्सच्या आत फ्लाइट, त्याच्या आत फ्लॅप्स, आणि त्याची किंमत शून्य ते एक. गिअर, थ्रॉटल, दिवे, वेग, उंची, सगळं असंच. विमान चालू असताना मेनूतल्या डीबगमध्ये जाऊन इंटर्नल प्रॉपर्टीज ब्राउझ करण्याची खिडकी उघडा आणि हाताने फ्लॅप खालीवर करून कुठला आकडा हलतो ते बघा. हा अर्धा तास वाया घालवल्यासारखा वाटेल पण पुढचे दोन दिवस वाचतात, कारण प्रत्येक विमान बनवणाऱ्याने आपापल्या मनाने थोडा बदल केलेला असतो. उदाहरणार्थ सेसना १७२ पी मध्ये केएपी १४० नावाचा ऑटोपायलट आहे, त्यामुळे नेटवर सापडणाऱ्या सर्वसाधारण ऑटोपायलटच्या प्रॉपर्टीज तिथे चालतीलच असं नाही. आणि हो, १७२ पी ची चाकं कायमची बाहेरच असतात, तेव्हा "गिअर अप" टेस्ट करायला हे विमान घेऊ नका!

बाहेरून बोलायला लाँचरच्या सेटिंग्जमध्ये जादा ऑप्शन लिहायची जागा असते तिथे टेलनेटचा (बाहेरून ओळी पाठवायच्या जुन्या पद्धतीचा) ऑप्शन द्यायचा, पोर्ट ५४०१ ठेवा, बहुतेक उदाहरणांत तोच असतो. मग पायथॉनमधून साधं सॉकेट उघडून आधी "डेटा" हा शब्द पाठवायचा, म्हणजे तो प्रॉम्प्ट आणि सजावट बंद करून नुसती किंमत परत देतो. त्यानंतर दोनच क्रियापदं लागतात, वाचायला "गेट" आणि बदलायला "सेट", पुढे प्रॉपर्टीचा पत्ता आणि किंमत. प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न आणि न्यूलाइन दोन्ही द्या. पत्त्यांचं स्पेलिंग आठवणीतून टाइप करू नका, ब्राउझरच्या खिडकीतून जसंच्या तसं उतरवून घ्या, कारण चुकीच्या पत्त्यावर सेट केलं तर फ्लाइटगिअर तक्रार करत नाही, गुपचूप त्या नावाची नवीन प्रॉपर्टी तयार करतो आणि तुम्ही मॉडेलला शिव्या घालत बसता.

या दाराला पासवर्ड नाही. घरी ठीक, पण कॉलेजच्या किंवा कॅफेच्या वायफायवर उघडं ठेवू नका.

माइक जोडायच्या आधी एवढं झालं पाहिजे: टर्मिनलमध्ये "फ्लॅप्स ट्वेंटी" टाइप केलं की विमानाचा फ्लॅप हलला पाहिजे. कीबोर्डवरून चालत नसेल तर आवाजावरून चालणार नाही.

पायरी २: वाक्यांची यादी

इथे घाई करू नका. वही घ्या, पेन घ्या आणि एका उड्डाणात कोपायलटला तुम्ही नेमकं काय काय सांगाल ते लिहा. माझ्या मते सुरुवातीला वीस-पंचवीस वाक्यं पुरे. लँडिंग लाइट ऑन, लँडिंग लाइट ऑफ, फ्लॅप्स अप, फ्लॅप्स टेन, ट्वेंटी, फुल, पार्किंग ब्रेक सेट, पार्किंग ब्रेक रिलीज, मग विचारायची वाक्यं, चेक स्पीड, चेक अल्टिट्यूड, चेक हेडिंग (नाकाची दिशा), चेक फ्युएल. आणि हेडिंग बदलायचं वाक्य, ज्यात तीन आकडे सुटे येतील, "हेडिंग टू सेव्हन झिरो". आकडे सुटेच का, तर फिफ्टीन आणि फिफ्टी, थर्टीन आणि थर्टी यांत माणसंसुद्धा गोंधळतात, म्हणून तर रेडिओवर हेडिंग एकेक आकड्याने सांगायची पद्धत आहे.

एका शब्दाला एकच काम द्या. १९७७ साली टेनेरिफला दोन जंबो धावपट्टीवर आदळले, ५८३ माणसं गेली, त्यात धुकं होतं, घाई होती आणि रेडिओवरचं ढिलं बोलणंही होतं, कंट्रोलरच्या तोंडून एक "ओके" गेलं होतं. त्यानंतर ठरलेल्या वाक्यांचा आग्रह वाढला, "टेक ऑफ" हे शब्द तर प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचे असं झालं. आपला खेळ आहे, कुणी मरणार नाही, पण धडा तोच लागू पडतो. "ओके", "हो", "चल" असले शब्द यादीत नकोत, कारण शेजारी बसलेल्या मित्राशी बोलताना ते दर मिनिटाला तोंडात येतात. पुष्टी हवी तिथे "कन्फर्म" ठेवा, तो शब्द आपण एरवी सहसा म्हणत नाही.

आता भाषेचं. बरेच जण हट्ट धरतात की हुकूमही मराठीतच पाहिजेत. मनापासून मलाही तेच आवडलं असतं, पण वोस्कच्या छोट्या मॉडेल्समध्ये हिंदी आहे, इंडियन इंग्लिश आहे, गुजराती आहे आणि मराठीची जागा रिकामी आहे. हिंदी मॉडेलवर मराठी चालवायला जाल तर तीस जमतं आणि वीस-पन्नासला अडतं. व्हिस्पर नावाचा आवाज ओळखणारा दुसरा प्रोग्रॅम मराठी ओळखतो, पण त्याची छोटी साइझ मराठीत कच्ची आहे आणि मोठी साइझ आपल्या लॅपटॉपवर सिम्युलेटरच्या जोडीला धापा टाकते, शिवाय शांततेत तो कधीकधी मनानेच वाक्यं रचतो, जे हुकूम घेणाऱ्या प्रोग्रॅमला अजिबात परवडत नाही. तेव्हा हुकूम इंग्रजीत आणि उत्तरं मराठीत, अशी विभागणी मला सगळ्यात व्यवहारी वाटते. तसंही फ्लॅपला आपण फ्लॅपच म्हणतो ना.

पायरी ३: वोस्कला फक्त तेवढंच ऐकायला लावा

इंडियन इंग्लिशचं छोटं मॉडेल उतरवा. छोटंच घ्या, कारण शब्दांची यादी चालताना बदलायची सोय छोट्या मॉडेल्समध्ये असते, मोठ्या मॉडेल्सचा ग्राफ आधीच पक्का करून ठेवलेला असल्याने तिथे ती मिळत नाही. रेकग्नायझर तयार करताना तिसरं आर्ग्युमेंट म्हणून तुमच्या वाक्यांची यादी जेसन स्वरूपात (कंस-अवतरणांत लिहिलेली साधी यादी) द्यायची. आता मॉडेल अख्खी इंग्रजी भाषा सोडून फक्त तुमच्या वाक्यांतच शोधतं, टू म्हणजे आकडा की दुसरा कुठला शब्द हा प्रश्नच उरत नाही आणि अचूकता एकदम वर जाते.

यादीच्या शेवटी एक खास शब्द टाकायचा, चौकोनी कंसातला "अन्क", म्हणजे अननोन. हा विसरलात तर काय होतं बघा. स्वयंपाकघरात मिक्सर लागला, किंवा गणपतीच्या आधी गल्लीत ढोल पथकाची प्रॅक्टिस सुरू झाली, की मॉडेलला काहीतरी ऐकू येतं, आणि त्याच्याकडे तर तुमची पंचवीसच वाक्यं आहेत, मग ते बिचारं त्यातलं सगळ्यात जवळचं निवडतं आणि शिखराजवळ असताना तुमचे फ्लॅप फुल होतात. अन्क दिला की असल्या आवाजांना टाकायला त्याला कचऱ्याचा डबा मिळतो. निकालात कुठेही अन्क दिसला तर पूर्ण वाक्य फेकून द्या, अर्ध्या वाक्यावरून अंदाज नको.

मॉडेलच्या शब्दकोशात नसलेला शब्द यादीत असेल तर तो वॉर्निंग देऊन सोडून देतो, त्यामुळे सुरू होताना टर्मिनलवर काय छापलं जातंय ते एकदा नीट वाचा. रेडिओवरचा "नाइनर" असाच अडकू शकतो, साधं "नाइन" ठेवा.

ऑडिओ मोनो, सोळा बिट, सोळा हजार हर्ट्झ. काही यूएसबी माइक सोळा हजार देतच नाहीत, त्यांना त्यांच्या मूळ रेटवर चालवा आणि तोच रेट रेकग्नायझरला सांगा, चालतं. माइकच्या कॉलबॅकमध्ये फक्त डेटा उचलून क्यूमध्ये टाकायचा, ओळखण्याचं काम दुसऱ्या थ्रेडवर, नाहीतर आवाज तुटतो.

पायरी ४: बटण

सतत ऐकणारा प्रोग्रॅम बनवू नका. बटण दाबलं की ऐकायला सुरुवात, सोडलं की शेवटचा निकाल मागायचा. यामुळे घरातले बाकीचे आवाज नव्वद टक्के बाजूला होतात आणि बोलणाऱ्यालाही शिस्त लागते. जॉयस्टिकवरचं रिकामं बटण उत्तम, पायगेम या पायथॉन लायब्ररीने वाचता येतं. कीबोर्ड वापरणार असाल तर स्पेसबार टाळा, फ्लाइटगिअरमध्ये तो एफजीकॉमच्या (ऑनलाइन बोलायच्या सोयीच्या) रेडिओसाठी आधीच घेतलेला आहे. आणि लिनक्सवर वेलँड (खिडक्या दाखवणारी नवी व्यवस्था) असेल तर बटणं वाचणाऱ्या पिनपुट लायब्ररीला दुसऱ्या खिडकीतली बटणं दिसतीलच असं नाही, तिथे जॉयस्टिकच बरी.

लोकांची एक सवय मात्र सांभाळून घ्यावी लागते, बटण दाबायच्या आधीच बोलायला सुरुवात करतात आणि शेवटचा शब्द संपायच्या आधी सोडून देतात. म्हणून माइक मागे सतत चालू ठेवा, अर्ध्या सेकंदाचा आवाज साठवत राहा, बटण दाबल्यावर तो साठाही पुढे जोडा आणि सोडल्यावर आणखी पाव सेकंद ऐका. एवढ्या एका बदलाने "नीट ऐकत नाही" या तक्रारी निम्म्या होतात.

पायरी ५: नियम, म्हणजे खरा कोपायलट

वाक्य ओळखलं म्हणून लगेच सेट करायचं नाही. मध्ये एक नियमांचा थर हवा, आणि मला विचाराल तर अख्ख्या प्रोजेक्टमध्ये जीव इथे आहे.

सेसना १७२ पी चंच घ्या. दहा अंशांपर्यंत फ्लॅप ११० नॉटला चालतात, त्यापुढचे फक्त ८५ च्या खाली. तेव्हा "फ्लॅप्स ट्वेंटी" ऐकलं की आधी दर्शवलेला (काट्यावरचा) वेग वाचायचा, ८५ च्या वर असेल तर काही हलवायचं नाही, उत्तर द्यायचं "वेग पंच्याण्णव, फ्लॅप नाही". ठीक असेल तर फ्लॅप्सची प्रॉपर्टी साधारण दोन तृतीयांशवर, नेमका आकडा तुम्ही पायरी एकला लिहून घेतलाच असेल.

आणि इथेच रीडबॅकचा मुद्दा येतो. कंट्रोल्समधली फ्लॅप्स ही प्रॉपर्टी म्हणजे दांडी, फ्लॅप नव्हे. खऱ्या १७२ मध्ये फ्लॅप विजेच्या मोटरवर चालतात, खाली यायला काही सेकंद लागतात आणि वीज नसेल तर दांडी हलते पण फ्लॅप तसाच राहतो. प्रत्यक्ष फ्लॅप कुठे आहे ते सरफेस पोझिशन्समध्ये वेगळं दिसतं. म्हणून दांडी हलवल्यावर "फ्लॅप वीस, येतायत" म्हणायचं, मग दर अर्ध्या सेकंदाला सरफेसची किंमत बघायची, पोचली की "फ्लॅप वीस", आणि दहा सेकंदांत पोचलीच नाही तर "फ्लॅप हलत नाहीत, बॅटरी बघा". हे पहिल्यांदा ऐकलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा असतो, कारण तोवर त्याला वाटत असतं की हा नुसता पोपट आहे.

उंचीचंही तसंच. नाशिकच मुळात समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, म्हणजे दोन हजार फुटांच्या आसपास. मुंबईच्या सवयीने कुणी ओझरवर "अल्टिट्यूड टू थाउजंड" म्हणालं तर तो हुकूम जमिनीचाच झाला. इगतपुरीकडे निघालात तर कळसूबाई १६४६ मीटर, ५४०० फूट. प्रोग्रॅमला डोंगर कळायची गरज नाही, पण खालची जमीन वाचून तिच्यावर हजार फूट तरी राहतील एवढा नियम लावा. उंची विचारली तर अल्टिमीटरवर दिसणारी सांगा, प्रॉपर्टी ट्रीमधली खरी उंची नव्हे, कोपायलटलाही काट्यावरचीच दिसते.

इंजिन बंद करणं, सिम्युलेशन रीसेट करणं, असल्या हुकमांना पाच सेकंदांत "कन्फर्म" आलं तरच पुढे जा. आणि एलेरॉन-एलिव्हेटर, म्हणजे विमान हाताने उडवायचं काम, आवाजावर देऊच नका, बोलून-ओळखून होईपर्यंत अर्धा-एक सेकंद जातो आणि तेवढ्यात विमान कुठल्या कुठे. हा काही घरगुती जुगाडाचा कमीपणा नाही, युरोफायटर टायफूनमध्येही आवाजाने हुकूम द्यायची सोय आहे पण शस्त्र सोडणं किंवा चाकं खाली घेणं असली कामं तिच्यावर ठेवलेली नाहीत.

पायरी ६: उत्तर

सोपा रस्ता म्हणजे फ्लाइटगिअरच्या मेसेजेसमधल्या कोपायलट या प्रॉपर्टीत मजकूर टाकायचा, तो स्क्रीनवर दिसतो आणि व्हॉइस चालू असेल तर बोललाही जातो, पण इंग्रजीतच. मराठीसाठी ईस्पीक वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा, वेग डीफॉल्ट १७५ चा थोडा कमी करा. हेडिंगच्या आकड्यांमध्ये स्पेस द्या म्हणजे "दोनशे सत्तर"च्या ऐवजी "दोन सात शून्य" म्हणेल. उत्तरं छोटी ठेवा, "आपल्या आज्ञेनुसार फ्लॅप वीस अंशांवर आणण्यात आले आहेत" असलं सरकारी मराठी लँडिंगच्या वेळी ऐकवत नाही. उत्तर चालू असताना बटण दाबलं तर उत्तर तिथेच तोडा, माणूस आधी.

पायरी ७: दुसऱ्यांच्या आवाजावर तपासा

तुमचा आवाज तुम्हाला जमवून घेता येतो, नकळत तुम्ही मॉडेलला आवडेल तसं बोलायला लागता. म्हणून आईला, भावाला, वर्गातल्या दोन मुलींना, कुणी सिन्नरचा कुणी मालेगावचा असेल तर फारच छान, प्रत्येक वाक्य एकदा शांत खोलीत आणि एकदा पंखा फुल करून बोलायला लावा, वेव्ह फाइल्स ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर त्याच फाइल्सवर प्रोग्रॅम चालवा. मोजताना दोन रकाने करा, ऐकलं नाही आणि भलतंच ऐकलं. पहिल्याचा त्रास कमी, माणूस परत बोलतो. दुसरा रकाना शून्याकडे न्यायचा, त्यासाठी पहिला थोडा वाढला तरी चालेल. दोन वाक्यं सारखी गल्लत करत असतील तर मॉडेलशी भांडू नका, एक वाक्य बदला. "लाइट ऑन" आणि "लाइट ऑफ"चं बऱ्याचदा होतं, ऑफच्या शेवटचा फ हवेत विरतो. तिथे "लँडिंग लाइट ऑन" आणि "किल लँडिंग लाइट" असं काहीतरी करून बघा, आवाजाची सुरुवातच वेगळी झाली की प्रश्न मिटतो.

फ्लाइटगिअर नसेल आवडत तर एक्स-प्लेनमध्ये प्रॉपर्टीजच्या जागी डेटारेफ आहेत आणि ते यूडीपीवर पोर्ट ४९००० ला ऐकतं, मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरला सिमकनेक्ट. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणारे काही जण सीएनसीच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या) सिम्युलेटरसाठी विचारतात, तिथेही पायरी एक सोडून बाकी सगळं असंच राहतं, फक्त प्रोग्रॅमला बाहेरून वाचायचं आणि लिहायचं काहीतरी दार आहे का ते आधी बघा, नसेल तर नुसती कीबोर्डची बटणं आवाजाने दाबणारा जुगाड होईल आणि रीडबॅक द्यायला हातात काहीच नसेल. प्रोजेक्ट म्हणून सबमिट करणार असाल तर डेमोला माइकची वायर, बॅटरी चार्ज केलेला लॅपटॉप आणि मॉडेलचं फोल्डर ऑफलाइन, एवढं आदल्या रात्रीच बॅगेत टाका, आणि परीक्षकांनाच हेडफोन घालून "चेक स्पीड" म्हणायला सांगा.